विज्ञान न घेतलेल्यांनी बायोलॉजीचं प्रॅक्टिकल कसं करावं

इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, संगीत असे विषय शिकणाऱ्या मुलांची बायोलॉजीची प्रॅक्टिकल्स मी बरीच वर्षं घेते आहे. यातल्या बहुतेकांना हा विषय एका सत्रापुरताच असतो. प्रत्येक बॅचमधून पहिल्याच तासाला एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, उत्तर काय यायला हवं?" बाकी काही जमलं नाही तरी हा प्रश्न विचारायची सवय तेवढी सोडा. इथे मार्क मिळतात ते तुम्ही काय पाहिलंत आणि ते किती नीट लिहिलंत याचे. बटाट्याचा तुकडा पुस्तकात म्हटल्याप्रमाणे फुगला नाही म्हणून कुणी नापास होत नाही. न फुगलेला तुकडा फुगला असं लिहिणारा मात्र हटकून सापडतो, कारण त्याचे आकडे जरा जास्तच गोजिरवाणे असतात.

येण्याआधी

प्रॅक्टिकलचा कागद आदल्या दिवशी वाचा, असं सगळेच सांगतात आणि कुणीच वाचत नाही. म्हणून मी एवढंच मागते: वहीच्या वरच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहून आणा. आज मी काय बदलणार आहे, काय मोजणार आहे आणि काय तसंच ठेवणार आहे. समजा एन्झाइमवर तापमानाचा परिणाम पाहायचा आहे. बदलणार तापमान, मोजणार फेसाची उंची, आणि तसंच ठेवणार द्रावणाचं प्रमाण, तुकड्याचा आकार, वेळ. या तीन ओळी ज्याला लिहिता येतात त्याला प्रयोग कळलेला असतो. ज्याला येत नाहीत तो दोन तास शेजारच्या टेबलाकडे बघून हात हलवत राहतो.

निरीक्षणाचा तक्ताही रिकामा आखून आणा. प्रयोग सुरू झाल्यावर रकाने आखत बसलात तर तीस सेकंदांचं रीडिंग पस्तिसाव्या सेकंदाला घेतलं जातं.

बूट पायाची बोटं झाकणारे, केस बांधलेले, ओढणी किंवा स्कार्फ लोंबत नाही असा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला आणि त्यावर गॉगल. लॅटेक्सच्या हातमोज्यांची किंवा कशाचीही ॲलर्जी असेल तर आधी सांगा, हाताला पुरळ उठल्यावर नको. खाणंपिणं बाहेर. पाण्याची बाटलीसुद्धा.

मायक्रोस्कोप, जरा सावकाश

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत जास्त वैतागही इथेच येतो, म्हणून हे सविस्तर.

मायक्रोस्कोप उचलताना एक हात दांड्याला, एक तळाखाली. ठेवल्यावर आधी सर्वांत छोटी लेन्स, म्हणजे ४ पटीची, खाली आणा. डोळ्याजवळची लेन्स बहुधा १० पटीची असते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन: ४० पट, मग १०० पट, मग ४०० पट. थेट ४०० पटीवर उडी मारणाऱ्याला काहीच सापडत नाही, कारण त्याला दिसणारं वर्तुळ इतकं लहान असतं की पेशी नेमकी त्यात यायला नशीब लागतं.

४ पटीवर मोठ्या नॉबने फोकस करा, वस्तू मधोमध आणा आणि मगच पुढची लेन्स फिरवा. चांगल्या मायक्रोस्कोपवर एका लेन्सचा फोकस जुळला की पुढच्या लेन्सवर चित्र जवळपास तयारच असतं, छोटा नॉब थोडा हलवला की झालं. ४० पटीची लेन्स खाली असताना मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, कारण तेव्हा लेन्स आणि कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर झाकलेली पातळ काच, यांच्यात एक मिलिमीटरही अंतर नसतं. काचेचा करकर आवाज आला की सगळी लॅब तुमच्याकडे वळून बघते.

पहिल्या दिवशी मी छापील कागदातून एक अक्षर कापून स्लाइडवर ठेवायला सांगते. 'क' सरळ ठेवला की दिसतो उलटा, आणि डावं-उजवंही बदललेलं. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं. हे पाच मिनिटं हाताला कळू द्या. पुढे पळणारा पॅरामेशियम, म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव, पकडायची वेळ येईल तेव्हा विचार करायला सवड नसते.

"काहीच दिसत नाही" अशी तक्रार आली की मी नॉबकडे बघतच नाही, उजेडाकडे बघते. नवशिके प्रकाश पूर्ण वाढवून ठेवतात. रंग न दिलेल्या पेशी मुळात पारदर्शक असतात, भगभगीत उजेडात त्या विरून जातात. स्टेजखालचा डायफ्राम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, थोडी बंद करा, कडा लगेच उठून दिसतील. साध्या जवळच्या किंवा लांबच्या चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकस तो फरक भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवा. एकाच नळीचा मायक्रोस्कोप असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय करा. एक डोळा मिटून तासभर बसलात तर डोकं दुखणारच.

कांद्याची साल

कांद्याची फोड घ्या. तिच्या आतल्या, खोलगट बाजूला एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. फोड मधोमध मोडलीत तर तो कडेला लोंबताना दिसतो. चिमट्याने हलकेच ओढा. हा पापुद्रा एका पेशीच्या जाडीचा असतो, आपल्याला हवा तो हाच. बाहेरचा रंगीत सालपट आणून "हे चालेल ना?" विचारणारे दर वेळी भेटतात. चालत नाही.

स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यात नखाएवढा पापुद्रा, सुरकुती न पडू देता. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवा आणि साधारण ४५ अंशांवर धरून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. वरून सरळ टाकलीत तर आत हवा अडकते. हवेचा बुडबुडा मायक्रोस्कोपखाली फार रुबाबदार दिसतो: अचूक गोल, जाड काळी कड, आत लख्ख उजेड. नवशिक्यांच्या वहीत 'पेशी' म्हणून सर्वांत जास्त काढली जाणारी आकृती हीच. खऱ्या पेशी लांबट, विटा रचल्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात.

आता रंग. कव्हरस्लिप उचलायची गरज नाही. एका कडेला आयोडीनचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवा. कागद पाणी ओढतो, मागून आयोडीन आत शिरतं. थांबा आणि बघत राहा. पिवळसर रंग पसरत जातो आणि एकेका पेशीत, बहुधा भिंतीला चिकटून, एक तपकिरी ठिपका उमटतो. तो केंद्रक. तो मधोमध का नाही, हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. पेशीची बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते, बाकी सगळं कडेला ढकललं जातं.

हरितलवक, म्हणजे पानांतले हिरवे कण, शोधू नका. कांदा जमिनीखाली असतो, त्या पापुद्र्यात हरितलवक नसतात. तरीही दर बॅचमध्ये कुणीतरी आकृतीत हिरवे ठिपके काढतंच, कारण पुस्तकातल्या 'वनस्पती पेशी'च्या चित्रात ते असतात. हरितलवक बघायचे तर हायड्रिला किंवा एलोडिया या पाणवनस्पतींचं पान घ्या. नशिबाने साथ दिली तर ते पेशीच्या कडेकडेने रांगेत सरकताना दिसतील.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना 'सेल' म्हटलं, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. पेशीतल्या त्या ठिपक्याला केंद्रक हे नाव रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये, ऑर्किडच्या पेशी बघताना दिलं. मधल्या दीडशेहून जास्त वर्षांत लोकांना ठिपका अधूनमधून दिसतही होता, पण तो प्रत्येक पेशीतला नेहमीचा भाग आहे हे कुणी ठासून म्हटलं नव्हतं. तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत सापडला नाही तर खट्टू व्हायचं कारण नाही.

गालाच्या आतल्या पेशींसाठी कृती तशीच, फक्त रंग मिथिलीन ब्लू. चपट्या टूथपिकने गाल आतून हलकेच घासा, रक्त काढायचं नाही. वापरलेली टूथपिक सांगितलेल्या डब्यातच टाका. या पेशींना भिंत नसते, म्हणून त्या वेड्यावाकड्या, कडा दुमडलेल्या आणि सुट्या दिसतात. मिथिलीन ब्लू बोटांना लागला की सहज जात नाही, पांढरे कपडे घालून येऊ नका.

मोजायचं कसं

"पेशी मोठी आहे" हे निरीक्षण नाही. पारदर्शक पट्टी ४ पटीच्या लेन्सखाली ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. समजा तो ४.५ मिलिमीटर आला. ४० पटीची लेन्स दहापट जास्त मोठं दाखवते, म्हणजे तिथे दिसणारं वर्तुळ दहापट लहान: ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. आता त्या व्यासावर कांद्याच्या पेशी लांबीने किती बसतात ते मोजा. दोन बसल्या तर एक पेशी साधारण २२५ मायक्रोमीटर लांब. गालाची पेशी अशीच मोजली तर साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर येते. गणित एवढंच, आणि ते तुमच्या मायक्रोस्कोपसाठी सत्रभर पुरतं.

आकृती पेन्सिलने, मोठी, एका रेषेत. शेडिंग नाही. चित्रकलेच्या मुलांना इथे फार त्रास होतो, त्यांचा हात आपोआप छाया द्यायला जातो. नावांच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदता, आणि खाली वर्धन. दहा पेशी घाईने काढण्यापेक्षा दोन-तीन नीट काढा. आणि जे नाव देताय ते खरंच दिसतंय का, हे लेन्समधून पुन्हा एकदा बघा.

बटाटा आणि साखरेचं पाणी

परासरणाचा, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून पाणी आत-बाहेर कसं जातं याचा, हा प्रयोग मला सर्वांत आवडतो, कारण इथे हिशेबाची सवय असलेली मुलं विज्ञानवाल्यांच्याही पुढे जातात.

कॉर्क बोररने, म्हणजे भोक पाडायच्या धातूच्या नळीने, बटाट्याच्या सारख्या जाडीच्या कांड्या काढा, साल ठेवू नका. साल पाणी अडवते. प्रत्येक कांडी टिपकागदाने टिपून वजन करा आणि वेगवेगळ्या तीव्रतेच्या साखरेच्या द्रावणात ठेवा: शून्य, म्हणजे नुसतं पाणी, मग ०.२ मोलर, ०.४, ०.६ असं वर. मोलर हे लिटरभर द्रावणात साखर किती आहे ते सांगणारं माप. द्रावण स्वतः करायचं असेल तर १ लिटर ०.२ मोलर द्रावणाला साधारण ६८.५ ग्रॅम साखर लागते. ती आधी थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालत एकूण १ लिटर करा. लिटरभर पाण्यात साखर टाकलीत तर द्रावण लिटरपेक्षा जास्त होतं आणि तीव्रता चुकते.

तासाभराने, किंवा दुसऱ्या दिवशी, कांड्या बाहेर काढा. वजनाआधी बोटांनी वाकवून बघा. पाण्यातली कांडी ताठ असते, जास्त वाकवली तर कट्कन मोडते. तीव्र द्रावणातली लुळी पडते, वळवली की वळते. ही ओळ वहीत लिहा, तो फुकटचा पुरावा आहे.

मग टिपून वजन. सगळ्या कांड्या सारख्याच टिपा. एकीला दाबून कोरडी केली आणि दुसरीवर पाणी राहिलं तर तुम्ही बटाटा मोजत नाही, टिपकागद मोजता.

आता एक कांडी ३.२० ग्रॅमवरून ३.५२ झाली आणि दुसरी २.८० वरून २.३८. नुसता फरक लिहू नका, कारण सुरुवातीची वजनं सारखी नव्हती. फरक भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले शंभर. पहिली अधिक १० टक्के, दुसरी उणे १५ टक्के. चिन्ह विसरायचं नाही. आडव्या अक्षावर तीव्रता, उभ्या अक्षावर टक्के. जे तुम्ही बदललंत ते आडवं, जे मोजलंत ते उभं, हा नियम सगळ्या आलेखांना लागू. ठिपके एकमेकांना जोडत नागमोडी रेघ काढू नका, त्यांच्यामधून जाणारी एक सलग रेषा काढा. ती शून्याला जिथे छेदते, त्या तीव्रतेला बटाट्यात पाणी जेवढं शिरतं तेवढंच बाहेर पडतं. साधारण ०.२ ते ०.४ मोलरच्या दरम्यान हा बिंदू मिळतो, पण बटाट्याबटाट्यात फरक असतो. तुमचा ०.२७ आला तर ०.२७ लिहा. शेजाऱ्याचा ०.३३ आला म्हणून सरासरी काढू नका.

रंग बदलणाऱ्या चाचण्या

या सोप्या आहेत, थोडक्यात सांगते. आयोडीन स्टार्चमध्ये निळं-काळं होतं. बेनेडिक्टचं द्रावण गरम पाण्यात ठेवल्यावर निळ्याचं हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी होत जातं, साखर जास्त तसा रंग पुढचा. बाययुरेट प्रथिनात जांभळं होतं. मेदासाठी तपकिरी कागदावरचा तेलकट डाग पुरतो.

गंमत एकच: साध्या पांढऱ्या साखरेत बेनेडिक्टचा रंग बदलत नाही. ती सुक्रोज असते आणि ही चाचणी फक्त क्षपण करणाऱ्या साखरांना पकडते, उदाहरणार्थ ग्लुकोज. "माझी चाचणी बिघडली" म्हणून मुलं नळी ओतून टाकतात. ओतू नका, तेच तुमचं निरीक्षण आहे.

प्रत्येक चाचणीला एक नळी नुसत्या पाण्याची ठेवा. तिच्यातही रंग बदलला तर नळी अस्वच्छ आहे किंवा द्रावण बिघडलंय. हेच कंट्रोल. एन्झाइमच्या प्रयोगात कच्च्या बटाट्याचा तुकडा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला की बटाट्यातलं कॅटलेज हे एन्झाइम त्यातून ऑक्सिजन सोडवतं आणि फेस येतो. उकळून गार केलेला तुकडा टाकला की काही होत नाही. दुसरी नळी 'फसलेली' नसते. फेस एन्झाइममुळे आला, नुसता तुकडा बुडाला म्हणून आला नाही, हे तिच्यामुळेच म्हणता येतं.

भाजणं आणि फुटणं

पानातलं स्टार्च दाखवताना पान आधी उकळत्या पाण्यात आणि मग गरम अल्कोहोलमध्ये ठेवून त्याचा हिरवा रंग काढतात. अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीच नाही. पाणी गरम करा, बर्नर बंद करा, आणि मग त्या पाण्यात अल्कोहोलची नळी ठेवा. हे अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८ अंशांना उकळतं, तेवढी उष्णता त्या पाण्यात असते, आणि त्याची वाफ टेबलावरून पसरत शेजारच्या बर्नरपर्यंत जाऊ शकते. म्हणून शेजाऱ्यालाही बर्नर बंद करायला सांगा.

नळी तापवताना तोंड कुणाकडे नको. वास घ्यायचा तर हाताने वाफ नाकाकडे ढकलून. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. डोळ्यात काही गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. भाजलं तर गार वाहतं पाणी वीस मिनिटं. फुटलेली काच हाताने उचलायची नाही आणि कचऱ्याच्या साध्या डब्यातही टाकायची नाही. आणि काही फुटलं तर लगेच सांगा. लपवलेला तुकडा पुढच्या बॅचमधल्या कुणाच्या तरी हातात घुसतो.

पेशीविभाजन, डीएनए, जिवाणू

कांद्याच्या मुळाच्या टोकाची तयार स्लाइड मिळते. मुलं वरच्या भागात शोधत बसतात, तिथे पेशी लांब झालेल्या असतात आणि विभाजन थांबलेलं असतं. टोकाच्या टोपीच्या लगेच मागे या, जिथे पेशी लहान, चौकोनी आणि दाट आहेत. तिथेही बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळातच दिसतील. शंभर पेशी मोजा, कुठल्या टप्प्यात किती ते लिहा. ज्या टप्प्यात जास्त पेशी, तो टप्पा जास्त वेळ चालतो, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो. कांद्यात गुणसूत्रं १६ असतात, पण ती मोजता येतील इतकी सुटी क्वचितच दिसतात. दिसली नाहीत तर १६ लिहू नका.

स्ट्रॉबेरीतून डीएनए काढायचा प्रयोग सगळ्यांना आवडतो. फळ चेचा, मीठ आणि भांडी धुण्याचं द्रव घातलेल्या पाण्यात ढवळा, गाळा, आणि बर्फासारखं गार अल्कोहोल नळीच्या कडेने सावकाश वर सोडा. दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू वर येतात. द्रवामुळे पेशींची आवरणं फुटतात आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही म्हणून तो बाहेर पडतो. स्ट्रॉबेरीच निवडतात कारण बागेतल्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात. मात्र तो पांढरा पुंजका निव्वळ डीएनए नसतो, त्यात पेक्टिन आणि प्रथिनंही येतात. अहवालात हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी मला फार आवडतो.

जिवाणू वाढवायच्या तबकडीला टेप लावा, ती उलटी ठेवा म्हणजे झाकणावरचं पाणी वसाहतींवर टपकत नाही, आणि वाढ झाल्यावर उघडू नका. झाकणातून जे दिसतं तेच मोजायचं. तबकडीतलं अगार, म्हणजे जेलीसारखा थर, समुद्री शैवालातून येतं. जिवाणूंसाठी ते वापरायची कल्पना १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे यांनी दिली. त्यांचे पती वॉल्थर हेसे हे जिवाणूंचे अभ्यासक रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते, आणि आधी वापरलं जाणारं जिलेटिन उबेत वितळतं, शिवाय काही जिवाणू ते खाऊनच टाकतात, या रडगाण्यावर हा उपाय निघाला. अगार फॅनीबाईंना स्वयंपाकघरामुळे माहीत होतं. त्यांच्याकडेही विज्ञानाची पदवी नव्हती.

काय-स्क्वेअरला घाबरू नका

मिळालेले आकडे अपेक्षेशी किती जुळतात ते तपासायचं हे सूत्र आनुवंशिकतेच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर आलं की अर्ध्या वर्गाचे चेहरे पडतात. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचेच आकडे घ्या. त्याला वाटाण्याचे ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, एकूण ७,३२४. तीनास एक प्रमाण असेल तर अपेक्षा ५,४९३ आणि १,८३१ ची. दोन्हीकडे फरक १९ चा. फरकाचा वर्ग ३६१. तो एकदा ५,४९३ ने भागा, एकदा १,८३१ ने, आणि बेरीज करा: साधारण ०.२६. तक्त्यातली मर्यादा ३.८४. आपला आकडा तिच्या आत आहे, म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. संपलं. तीनास एक हे 'सिद्ध' झालं असं लिहू नका, आकडे त्याच्या विरोधात जात नाहीत एवढंच लिहा.

पुढे १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि आकडे अपेक्षेच्या संशयास्पद जवळ असल्याचं दाखवलं. त्यावर अजूनही वाद चालतो. तुमचे सत्तर-तीस आले असतील तर निवांत राहा.

वही आणि अहवाल

वही पेनने. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. हिशेबाच्या वह्या लिहायला शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. कुठल्याही कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे टिपून "नंतर सुंदर अक्षरात उतरवते" म्हणू नका. चिटोरे हरवतात.

निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या ओळींवर ठेवा. "द्रावण निळं-काळं झालं" हे निरीक्षण. "त्यात स्टार्च आहे" हे अनुमान. भाषेच्या विद्यार्थ्यांना हा फरक चटकन कळतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर तो आधीपासून येतच असतो.

चर्चेच्या भागात 'मानवी चूक' असं लिहून मोकळं होऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. कुठली चूक, तिने आकडा वर गेला की खाली, आणि पुढच्या वेळी काय कराल? "कांड्या नीट टिपल्या नाहीत, त्यामुळे शेवटची वजनं खऱ्यापेक्षा जास्त आली असतील" हे एक वाक्य अख्ख्या परिच्छेदाच्या तोडीचं आहे. जोडीदाराबरोबर आकडे एकच असतील, वाक्यं नकोत. आम्हाला ओळखू येतात.

परीक्षेला टेबलावर स्पॉट, म्हणजे ओळखायच्या स्लाइड किंवा वस्तू, मांडलेले असतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आधी ओळख, मग ती कशावरून पटली याची एक-दोन दिसणारी कारणं, मग वर्धन. नाव आठवत नसेल तर दिसतंय त्याचं वर्णन लिहा, त्याला निम्मे मार्क तरी मिळतात. नॉबला हात लावायची परवानगी असेल तर फक्त छोट्या. स्लाइड सरकली तर गुपचूप पुढे जाऊ नका, हात वर करा. आम्ही ती पुन्हा लावून देतो, आणि तुमच्या मागच्या मुलीला बुडबुडा ओळखायची वेळ येत नाही.